रविवारची गोळी

सहायक बिशप म्हणजे नेमकं कोण, हे परभणी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत समजावून सांगायचा नाद सिताराम खंदारे यांनी कधीच सोडून दिला होता. लोकांना मोठे बिशप कळतात, गावचे पाळकसाहेब कळतात. मधला माणूस कुणाला कळत नाही. गावात गाडी थांबली की पांढरा झगा आणि गळ्यातला क्रूस बघून माणसं पुढं यायची, वाकून हात जोडायची आणि वर होता होता गाडीत डोकावून विचारायची, "मोठे साहेब न्हाई आले का?"

"नाही आले. मी आलोय," सिताराम म्हणायचे.

"असू द्या, असू द्या," म्हणत माणसंच त्यांची समजूत काढायची.

मोठ्या साहेबांना शाल आणि श्रीफळ, सहायकांना टॉवेल आणि टोपी, असा अलिखित कायदा होता. अकरा वर्षांत त्यांच्या घरी इतके टॉवेल साठले की बायको राजेश्रीनं त्यांची पायपुसणी केली, शेजारी वाटले, तरी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा होईना. टोप्यांचं काय करायचं ते तिलाही सुचलं नाही.

नाव सिताराम आणि पद बिशपचं, यावरून पाळकांच्या शाळेत, सेमिनरीत, त्यांची बरीच थट्टा झाली होती. वडील किशनराव जिंतूरजवळच्या वस्तीवर शाळेचे शिपाई. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पोरगा पाच वर्षांचा होता. पाळकांनी विचारलं, याचं नाव बदलायचं का? किशनराव म्हणाले, "देवाला नावाची अडचण न्हाई. माणसाला हाय. माणसाचं आपण का ऐकायचं?" नाव राहिलं. पुढं तोच पोरगा जुन्या अँग्लिकन रीतीच्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चांत, पाळक झाला. जिंतूर, मानवत, सेलू अशा बदल्या होत गेल्या, एका स्कूटरवर तीन-तीन तालुके सांभाळले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धर्मप्रांताचे मोठे बिशप थकले, त्यांना लांबच्या गावी जाणं झेपेना, तेव्हा हाताखाली कुणीतरी पाहिजे म्हणून सिताराम यांना पन्नाशीत बिशपची दीक्षा मिळाली आणि नावामागं 'सहायक' लागलं.

काम मुख्यतः एकच, दृढीकरण. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली पोरं पंधरा-सोळाची झाली की मंडळीसमोर उभी राहून आपल्या तोंडानं विश्वास कबूल करतात आणि बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो. बाप्तिस्मा पाळक देतो, लग्न पाळक लावतो, मातीही पाळकच देतो. पण या कामाला बिशपचाच हात लागतो. सही, शिक्का, बदल्या, नेमणुका मोठ्या साहेबांकडे; सिताराम यांच्याकडे नुसता हात. पदरी पडलं पवित्र झालं, असं ते हसून म्हणायचे. ते तोंडानं. मनात ते 'मोठे साहेब न्हाई आले का' रुतून बसलं होतं, आणि देवासमोर गुडघे टेकतानाही निघत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. राजेश्रीला न सांगताच कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी पिंगळीला दृढीकरण होतं. गयाबाई नावाच्या सत्तरीच्या बाईंचं लहानपणी राहून गेलं होतं. त्या पोरांच्या रांगेत वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकून बसल्या. सिताराम यांनी त्यांच्या डोक्यावर उजवा हात ठेवला आणि हात थरथरायला लागला. दाबून धरला तरी थांबेना. त्यांना वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही, अशक्तपणा असेल. गयाबाईंना तसं वाटलं नाही. आपल्या मुलखात अंग थरथरलं की त्याचा अर्थ शोधावा लागत नाही. तो पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. देव बदलतो, अर्थ तोच राहतो. गयाबाई हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "आत्मा आला! साहेबाच्या हातात पवित्र आत्मा आला!"

त्या दिवसापासून गयाबाईंचे गुडघे दुखायचे थांबले. रांगेतल्या दुसऱ्या एकाची म्हैस वेळेवर व्याली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, पण फांदी मोडल्यावर कावळ्याचंच नाव होतं.

महिन्याभरात डॉक्टरांनी निदान केलं: कंपवात. मेंदूचा आजार. बरा होत नाही, आवरता येतो. दिवसातून तीन गोळ्या, वेळ चुकवायची नाही. राजेश्री तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती. तिनं गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून तो फ्रीजला चिकटवला. औषध लागू पडलं. येलदरीला, धरणाच्या काठच्या मंडळीत, दृढीकरणाला हात दगडासारखा स्थिर राहिला. सिताराम खूश होते. उपासना संपल्यावर चहा घेताना मागच्या बाकावरचं बोलणं त्यांच्या कानावर आलं.

"पिंगळीला म्हणे लय हालला होता. आज साहेबाचा हात थंडच राहिला."

"आपलं नशीब. मोठे साहेब आले असते तर..."

पुढच्या रविवारी मानवतला निघताना ते सकाळची गोळी विसरले. हा विसर खरा होता. गाडीची घाई, दोन फोन, राहून गेली. मानवतला हात थरथरला आणि चर्चमध्ये बायका रडल्या. परतताना पुरुष गाडीमागं चालत वेशीपर्यंत आले. 'मोठे साहेब न्हाई आले का' असं एकानंही विचारलं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, "मोठ्या साहेबाला आमी काय करायचं? आमाला तुमीच पायजे."

त्याच्या पुढच्या रविवारचा विसर खरा नव्हता.

मग तो रिवाजच पडला. सोमवार ते शनिवार गोळी, रविवारी सकाळी नाही. उपासना आटोपली की दुपारची गोळी गाडीतच पाण्याबरोबर घ्यायची. स्वतःशी ते म्हणायचे, मी खोटं कुठं बोलतो? हात थरथरतो तो खराच थरथरतो. लोकांचा विश्वास वाढतो, चर्च भरतात, दारू सुटलेले चार जण मी स्वतः पाहिलेत. वाईट काय झालं? प्रवचनात ते लोकांच्या ज्या सबबी फाडायचे, तसल्याच ह्या. पण स्वतःची सबब शिवलेली असते, ती इतक्या सहज फाटत नाही.

राजेश्रीनं एकदा गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बघितलं. "बाकीच्या बरोबर संपल्यात. फक्त रविवारची सकाळची राहतेय."

"विसरतो गं. घाई असते."

"विसरणाऱ्याला वार कळत नसतो," ती म्हणाली. त्यानंतर दर रविवारी ती चहाच्या कपाशेजारी गोळी काढून ठेवायची, आणि ते ती उचलून खिशात टाकायचे.

यंदा मोठे बिशप दिवाळीला निवृत्त होणार होते. ऑक्टोबरात धर्मप्रांताची परिषद भरायची होती. तिथं गावोगावचे प्रतिनिधी मतं घालून पुढच्या बिशपसाठी नावं वर पाठवतात. एरवी सिताराम यांचं नाव कुणी काढलं नसतं. आता परभणीकडच्या बाराच्या बारा प्रतिनिधींनी ठरवून टाकलं होतं. या सगळ्यामागं झरीचे तरुण पाळक वैभव होते. माणूस धडपड्या, मनानं चांगला, आणि आपल्या जिल्ह्याचा बिशप व्हावा या इच्छेनं पछाडलेला. "साहेब, आजपर्यंत हिकडचा एक तरी माणूस त्या खुर्चीवर बसला का? औंदा बसवायचा," ते म्हणायचे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झरीला मोठं दृढीकरण त्यांनीच ठेवलं होतं. पिंगळी, येलदरीची माणसंही यायची होती, हात बघायला.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी परभणीतल्या त्यांच्या घरी एक बाई आली. चाळिशीच्या आतली, काठाची साधी साडी, हातात कापडी पिशवी. पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं.

"मी सत्यशीला. झरीच्या लिंबाजी उफाडेंची बायको. माझी ऋतुजा ह्या आयतवारी दृढीकरणाला हाय."

"हो, यादीत नाव आहे. बसा ना."

सत्यशीला बसली नाही. "माझं माहेर पिंगळीचं, बौद्ध. आमच्या घरी अंगात येणं, देवऋषी, भानामती असलं काईच मानत न्हाईत. माझ्या बापानं लहानपणापासून तेच शिकवलं. लग्न करून हिकडं आले. प्रार्थनेला बसते, गाणी म्हणते, त्याचं मला काई वाटत न्हाई. पर साहेब, तुमच्या नावानं माझ्या लेकराची गोळी बंद केलीय."

सिताराम यांना आधी कळलंच नाही. तिनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. राजेश्री पुढं आली, पाकीट उलटून नाव वाचलं आणि म्हणाली, "फिटची गोळी."

"नऊ वर्षाची व्हती तवापासून फिट येती. गोळीनं लय कमी झालं व्हतं. ऑगस्टात एका आयतवारी तुमी उपासाच्या प्रार्थनेला आल्ते, तवा तिच्या बापानं तिला पुढं बसवलं. तुमचा हात डोक्यावर थरथरला. घरी आल्या आल्या गोळ्या माळ्यावर टाकल्या त्यांनी. म्हणले, देवानं हात लावल्यावर गोळी खाणं म्हंजी देवाला खोटं पाडणं हाय. चाळीस दिवस काई झालं न्हाई. मीबी गप बसले. काल शाळेतून येता येता हौदाजवळ पडली. दोन टाके पडलेत डोक्याला. हौदात पडली असती तर..."

तिनं टेबलावरची पाकिटं एकावर एक रचली.

"आणि लिंबाजी काय म्हणाले?" राजेश्रीनं विचारलं.

"म्हणले, हात खरा हाय. पोरीचाच विश्वास कच्चा पडला." मग ती सिताराम यांच्याकडं बघून म्हणाली, "तुमी सांगा त्यांना. डॉक्टरचं ऐकत न्हाईत, माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील."

ती गेल्यावर सिताराम यांनी तिथंच लिंबाजीला फोन लावला. झरीला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं; मागं हवा भरायचा आवाज येत होता. "लिंबाजी, ऋतुजाच्या गोळ्या आजच्या आज चालू करा. माझं ऐका. हातानं फिट बरी होत नसते."

पलीकडून लिंबाजी प्रेमानं हसले. "साहेब, तुमी लय मोठ्या मनाचे. म्हणूनच देवानं तुमाला निवडलं. आपण होऊन कोण म्हणतंय, माझ्या हातात ताकद हाय? आयतवारी परत ठेवा हात. औंदा पोरगी नीट मन लावून बसंल, मी समजावलंय तिला."

सिताराम यांनी फोन ठेवला. खरं सांगावं तर लोक त्याला नम्रपणा म्हणत होते. आपणच विणलेल्या जाळ्यात पाय अडकावा तशी त्यांची गत झाली. अडकल्या पायाचं काही नव्हतं, पण जाळ्यात दुसऱ्याचं लेकरू होतं.

शनिवारी सकाळी वैभव कार्यक्रमाची पत्रिका दाखवायला आले. सिताराम यांनी ती बघितली नाही. गोळ्यांचं पाकीट काढून समोर ठेवलं आणि आजार सांगितला. रविवारचंही सांगितलं. वैभव यांना राग येईल असं सिताराम यांना वाटलं होतं, बरंही वाटलं असतं. पण वैभव यांनी पाकीट उचलून परत त्यांच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब. हे आपल्या दोघांत राहू द्या. परिषद तीन आठवड्यांवर आलीय. एकदा तुमी मोठे साहेब झाला की मी स्वतः लिंबाजीला बसवून सांगतो. तवर त्याची बायको चोरून देईल पोरीला गोळी. तीन आठवडेच."

"आणि त्या तीन आठवड्यांत ती पुन्हा हौदाजवळ पडली तर?"

वैभव यांनी पत्रिकेची घडी घालून ती खिशात ठेवली. पण सिताराम यांच्याकडं 'नाही' हा शब्द नव्हता, हे इथं सांगितलंच पाहिजे. त्यांनी वैभवना हाकलून दिलं नाही. 'बघू' म्हणाले. साठ वर्षांचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिलेला. तीन आठवडे त्यालाही फार वाटले नाहीत.

रविवारी सकाळी चहाशेजारी गोळी होती. त्यांनी ती घेतली. राजेश्री बघत होती. झरीला बरोबर येते म्हणाली. गाडीत बसताना त्यांचा बेत ठरला होता: आज हात शांत राहील. लोक हिरमुसतील, आपोआप विसरतील, लिंबाजीही विसरतील. कुणालाच काही सांगायला नको. न बोलता खरं होऊन जाईल.

झरीचं चर्च पत्र्याचं, शे-दीडशे माणसांचं. आज बाहेर मांडवातही माणसं बसली होती. गयाबाई पहिल्या रांगेत होत्या. कठड्याशी सहा पोरं गुडघे टेकून, प्रत्येकामागं आईबाप उभे. ऋतुजा शेवटची. पांढरी ओढणी डोक्यावर घेतलेली, ओढणीखाली कपाळावर पट्टी. मागं लिंबाजी इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि त्यांच्याशेजारी सत्यशीला.

सिताराम यांनी पहिल्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हे प्रभो, तुझ्या या लेकराला सांभाळ..." हात स्थिर. दुसरा. स्थिर. तिसऱ्याला मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. चौथ्या पोराच्या आईनं मान वर करून हाताकडं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. पाचवं झालं. सिताराम एक पाऊल सरकून ऋतुजासमोर आले आणि हात उचलला.

"थांबा साहेब," लिंबाजी म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण मांडवापर्यंत ऐकू गेला.

"हात अजून आला न्हाई. आमी थांबतो. ऋतुजाचं मागून घ्या. येऊ द्या हात."

ऋतुजानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती, हात थरथरावा म्हणून. ते बघितलं आणि सिताराम यांच्या बेताचा भुगा झाला. न बोलता खरं होणार नव्हतं. न बोलून आजवर खोटंच तेवढं झालं होतं.

"हात येणार नाही, लिंबाजी," ते म्हणाले. मग मंडळीकडं वळले. "तुम्ही ज्याला हात येणं म्हणता, तो आजार आहे. मला कंपवात आहे. दोन वर्षं झाली. डॉक्टरांची गोळी घेतली की हात थांबतो, नाही घेतली की थरथरतो. आज घेतलीय, म्हणून थांबलाय."

पहिल्या रांगेतून गयाबाई उठल्या. "असंना का आजार. आजार कुणी देला? देवानंच ना? आजारातूनबी देवच बोलायलाय, साहेब."

आणि काय सांगावं, मंडळीच्या चेहऱ्यांवर हायसं वाटल्याचं दिसलं. माना हलल्या. कुणीतरी 'आमेन' म्हणालं. कोपऱ्यात उभ्या वैभव यांनीही सुस्कारा सोडला. दार पुन्हा उघडलं होतं. सिताराम यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. आजारी, नम्र, देवाचा माणूस म्हणून बाराच्या तेरा मतं पडली असती.

"देव बोलत नव्हता, गयाबाई. मीच बोलत होतो." सिताराम म्हणाले. "मी दर रविवारी सकाळची गोळी मुद्दाम घेत नव्हतो. हात थरथरावा म्हणून. तुम्ही रडावं, माझ्यामागं वेशीपर्यंत यावं म्हणून. नऊ वर्षं तुम्ही मला विचारलंत, मोठे साहेब आले नाहीत का. हात थरथरायला लागल्यापासून विचारायचं सोडलंत. ते मला गोड लागलं. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही."

आता कुणी 'आमेन' म्हणालं नाही. येलदरीहून आलेले दोघं उठून बाहेर गेले. गयाबाई उभ्या होत्या त्या हळूहळू खाली बसल्या आणि आपले गुडघे चाचपत राहिल्या. वैभव यांनी मान खाली घातली. पुढं परिषदेत परभणीकडून सिताराम खंदारे यांच्या नावावर एकही मत पडलं नाही, आणि ते त्याच क्षणी ठरलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

लिंबाजी तसेच उभे होते. "म्हंजी ऑगस्टात माझ्या लेकरावर ठेवला तवा..."

"तेव्हाही गोळी घेतली नव्हती. मुद्दाम. तुमच्या पोरीच्या डोक्याला पडलेले टाके माझ्यामुळं पडलेत."

लिंबाजींच्या मुठी आवळल्या. ते पुढं आले असते तर सिताराम हलणार नव्हते. पण त्याआधी खालून आवाज आला, बारीक, नाकातला.

"साहेब."

ऋतुजानं डोळे उघडले होते.

"मंग माझी चूक न्हवती?"

"काय, बाळा?"

"बाबा म्हणले माझा विश्वास कच्चा हाय म्हणून फिट आली. मी लय विश्वास ठेवला व्हता. झोपताना, उठताना, शाळेत. तरीबी आली. मला वाटलं, माझ्यात काईतरी वाईट हाय." ती थांबली. "मंग माझी चूक न्हवती ना?"

साठीच्या बिशपनं तिच्यासमोर गुडघे टेकले. आता दोघांमध्ये नुसता लाकडी कठडा होता. "नव्हती. तुझी काही चूक नव्हती. फिट आजारानं आली, गोळी बंद झाली म्हणून आली. चूक माझी होती. मला माफ करशील का?"

ऋतुजानं बराच विचार केला. लहान मुलं मोठ्यांना लगेच माफ करतात म्हणतात, ते खरं नाही. मग तिनं मान हलवली, आणि इतक्या दिवसांचं अडवलेलं रडं एकदम फुटलं. सत्यशीलानं कठड्यापाशी येऊन तिला पोटाशी धरलं. पाठीमागं लिंबाजींनी गळ्यातला रुमाल तोंडावर दाबला होता.

थोड्या वेळानं पोरगी शांत झाली आणि म्हणाली, "मंग ठेवा हात."

"ठेवू? साधाच आहे."

"ठेवा."

सिताराम उठले आणि त्यांनी हात ठेवला. पट्टीला लागू नये म्हणून जरा मागं, केसांवर. "हे प्रभो, तुझ्या या लेकराला सांभाळ," ते म्हणाले. आयुष्यात शेकडो वेळा म्हटलेलं ते वाक्य त्यांना त्या दिवशी मागणं म्हणून मागावं लागलं.

उपासनेनंतर मांडवात पंगत बसली. जेवण शिजलं होतं, ते वाया कोण घालवणार? पण नेहमीसारखा गलका नव्हता. सिताराम यांच्याशेजारी कुणी बसलं नाही, राजेश्री बसली. दोघांनी चार घास खाल्ले आणि ते गाडीकडं निघाले. टॉवेल-टोपी कुणी आणली नाही, वेशीपर्यंत कुणी आलं नाही. राजेश्रीनं त्यांचा हात धरला होता. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, लोकांसमोर तिनं तो कधी धरला नव्हता.

गाडीचं दार उघडता उघडता मागून लिंबाजी आले. डोळे लाल होते.

"मी तुमाला माफ केलेलं न्हाई, साहेब."

"बरोबर आहे."

"करीन का न्हाई तेबी ठाऊक न्हाई. ते सांगायला आलो न्हाई." लिंबाजी मांडवाकडं बघत होते. "पोरीचं काय करू? तिला मीच म्हणलो ना, तुझ्यात खोट हाय. रोज म्हणलो. जेवताना म्हणलो. ती ते मनात घेऊन हिंडत व्हती, मला पत्ता न्हाई. आज तिनं तुमाला विचारलं. मला न्हाई विचारलं."

"तिला सांगा, तुमची चूक झाली म्हणून."

"घरी गेल्यावर सांगतो."

"आत्ता सांगा. मी सगळ्यांसमोर म्हणालो ना? तिला दोष तुम्हीही दिलात, तोही चारचौघांत दिला असेल."

लिंबाजींनी मान खाली घातली. चारचौघांतच दिला होता. "मला न्हाई जमायचं. बाप हाय मी. लोक काय म्हणतील?"

"मलाही दोन वर्षं जमत नव्हतं," सिताराम म्हणाले. यापुढं बोलायचा हक्क त्यांना फारसा उरला नव्हता. ते गाडीत बसले.

गाडी चालू झाली तरी लिंबाजी तिथंच होते. मग ते वळले आणि मांडवाकडं निघाले. पंगतीत बायकापोरांच्या रांगेत ऋतुजा आईशेजारी बसली होती. वाढणारे थांबले. लिंबाजी तिच्या पत्रावळीसमोर उकिडवे बसले, सगळ्या झरीसमोर, आणि त्यांनी दोन्ही कान धरले. ते काय बोलले ते गाडीपर्यंत ऐकू आलं नाही. ऋतुजाच्या हातातला घास हातातच राहिला होता, आणि ती बापाकडं बघत होती.